तीन सेमिस्टर आधी ओळख करा

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही मूळचे सांगलीचे. गेली अकरा वर्षं जर्मनीत, बाडेन-व्युर्टेम्बेर्गमधल्या होहेनलोहे भागात राहतो. माझे यजमान मशीन डिझायनर. ते ज्या कारखान्यात नोकरी करत होते त्याचे मालक निवृत्त झाले. मागे बघणारं कुणी नव्हतं, म्हणून चार वर्षांपूर्वी आम्हीच तो चालवायला घेतला. एकोणीस माणसं आहेत. पॅकिंगच्या यंत्रांचे खास भाग आणि छोटी यंत्रं बनवतो. एकोणीसपैकी सहा जण येत्या पाच वर्षांत निवृत्त होतील.

गेल्या वर्षी पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, प्रोग्रॅमिंगसाठी इंजिनिअर हवा म्हणून इंटरनेटवर जाहिरात दिली. दोन आठवड्यांत तीनशेच्या वर अर्ज आले, बहुतेक भारतातून, आणि सगळे एकाच साच्यातले. शेवटी नात्यातल्या ओळखीनं पुण्याहून एक मुलगा आणला. हुशार होता, कष्टाळू होता. कागदपत्रांत पाच महिने गेले. दहा महिने राहिला आणि श्टुटगार्टजवळच्या मोठ्या कंपनीत निघून गेला. यजमान फार दुखावलेत. ते म्हणतात, परदेशी मुलं टिकत नाहीत, व्हिसाची कटकट आपल्याला झेपत नाही. आणि घ्यायचंच असेल तर मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकू, आपली मुलं निदान आपल्याला समजून घेतील.

मला वाटतं, इथल्याच विद्यापीठांत शिकणारी परदेशी मुलं घ्यावीत. पण श्टुटगार्ट विद्यापीठाला मेल पाठवली तर उत्तरही आलं नाही. आमच्यासारख्या लहान कारखान्याचं नाव त्या मुलांच्या कानावर जाणार तरी कसं?

— एक वाचक, होहेनलोहे

नमस्कार.

तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि तुमच्या यजमानांचं दुखणंही खरं आहे. दहा महिने हाताशी धरून शिकवलेलं माणूस निघून गेलं की एकोणीस जणांच्या कारखान्यात ते रिकामं टेबल सगळ्यांना रोज दिसतं. पण त्या एका अनुभवावरून त्यांनी जे दोन निष्कर्ष काढलेत, ते दोन्ही मला पटत नाहीत. त्यांच्याकडे येतेच. आधी व्हिसाचं बघू, कारण पाय तिथेच अडलाय.

पुण्याहून माणूस आणणं वेगळं आणि इथे शिकलेला माणूस घेणं वेगळं. जर्मन विद्यापीठातून पदवी घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्याला नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांचा निवास परवाना मिळतो. त्या काळात तो कुठलंही काम करू शकतो, त्याला तासांची अट नाही. म्हणजे तो परवाना हातात असलेल्या मुलाशी तुम्ही सोमवारी करार केलात तर मंगळवारी तो कामावर येऊ शकतो. वकिलातीची तारीख नाही, पाच महिन्यांची वाट नाही. रुजू झाल्यावर तो आपल्या भागातल्या आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, ब्लू कार्डचा, म्हणजे उच्चशिक्षितांच्या निवास परवान्याचा, अर्ज करतो. तुमच्या वाट्याला मुख्यतः एक फॉर्म येतो, 'एरक्लेरुंग त्सुम बेशेफ्टिगुंग्सफेरहेल्टनिस'. त्यात काम काय, तास किती, पगार किती, सुट्टी किती एवढं लिहायचं आणि सही करायची. नाव ऐकून धडकी भरते, पण तुमची पगारपत्रकं करणाऱ्या श्टॉयरबेराटरकडे, म्हणजे कर सल्लागाराकडे, यातली बहुतेक माहिती आधीच असते.

पगाराचा आकडा मात्र नीट समजून घ्या. २०२६ साठी ब्लू कार्डाची मर्यादा वर्षाला ५०,७०० युरो आहे. पदवी मिळून तीन वर्षं झाली नसतील तर, आणि इंजिनिअरसारख्या तुटवड्याच्या व्यवसायांतही, ४५,९३४ युरो २० सेंट चालतात. या खालच्या मर्यादेला रोजगार खात्याची संमती लागते, ती कार्यालय परस्पर मागवतं. त्याहूनही कमी पगार असेल तर ब्लू कार्ड नाही, पण पदवीधराला कुशल कामगाराचा साधा परवाना मिळू शकतो. पगार मात्र त्याच कामाच्या जर्मन माणसाच्या तोडीचा हवा.

ही मर्यादा दर जानेवारीत बदलते. २०२५ साली ती ४८,३०० आणि ४३,७५९ युरो ८० सेंट होती. नोव्हेंबरात कुणी सेंटपर्यंत मोजून करार केला आणि अर्ज जानेवारीत गेला, तर तोच करार अपुरा ठरतो आणि त्या मुलाच्या पोटात गोळा येतो. दुसरंही एक सांगते. करारावर नेमका ४५,९३४ युरो २० सेंट हा आकडा बघितला की मुलाला कळतं, यांनी माझ्या कामाची किंमत केली नाही, माझ्या परवान्याची केली. पहिल्याच दिवशी असा समज होऊ देऊ नका. कामाचा पगार ठरवा, मग मर्यादा ओलांडली जाते का ते बघा.

जाता जाता एक विचारते. तो पुण्याचा मुलगा नोकरी सोडून गेला तेव्हा तुम्ही आउसलेंडरबेहोर्डेला कळवलं होतं का? अशा परवान्यावरची नोकरी ठरल्यापेक्षा आधी संपली तर मालकानं चार आठवड्यांत कळवायचं असतं, आणि तो कामावर असेपर्यंत त्याच्या परवान्याची प्रत फाइलला ठेवायची असते. राहून गेलं असेल तर श्टॉयरबेराटरला आजच विचारा.

आता तुमच्या त्या अनुत्तरित मेलकडे येते. श्टुटगार्ट विद्यापीठाला मेल पाठवणं म्हणजे मुंबई महानगरपालिकेला पत्र लिहिण्यासारखं आहे. ती तिथे कुणाच्याच टेबलावर पडत नाही. आणि मुळात तुम्ही ऐंशी किलोमीटर लांब बघता आहात, पण क्युन्झेल्साउ तुमच्या उशाशी आहे. हाइलब्रॉन होखशूलेचा, म्हणजे प्रत्यक्ष कामावर भर देणाऱ्या विद्यापीठाचा, एक कॅम्पस तिथे आहे, राइनहोल्ड व्युर्थ यांच्या नावाचा. तंत्रज्ञान आणि व्यवसाय असं जोडीनं शिकवतात. दुसरा कॅम्पस श्वेबिश हालला आहे. हाइलब्रॉन शहरात म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं २०१८ पासून आपला कॅम्पस चालवलाय, तिथे इंग्रजीतून शिकायला जगभरातून मुलं येतात. जिथून मुलगा लोकल किंवा बस पकडून तासाभरात तुमच्या दारात येऊ शकतो, तिथून सुरुवात करा. श्टुटगार्ट आणि कार्ल्सरुहे नंतर.

मेल कुणाला लिहायची, तर प्राध्यापकाच्या इन्स्टिट्यूटला. यंत्रांचं नियंत्रण शिकवणारे, स्वयंचलन शिकवणारे प्राध्यापक संकेतस्थळावर नावानिशी असतात, त्यांच्या सेक्रेटरीचा फोनही असतो. फोन करा. जर्मन विद्यापीठात सेक्रेटरीबाईंच्या हातात किती गोष्टी असतात हे इथे शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आणि 'आम्हाला इंजिनिअर हवाय' असं सांगू नका. प्राध्यापक काही नोकरभरती करत नाहीत. 'आमच्याकडे मास्टर थिसिससाठी एक विषय आहे' असं सांगा. त्याची त्यांना दर वर्षी गरज असते.

इथे जरा थांबते, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्या मते यातच आहे. तुम्ही जागा रिकामी झाली तेव्हा माणूस शोधायला निघालात. विद्यार्थी आपल्या सेमिस्टरच्या हिशेबानं चालतो. मास्टर्स सहसा चार सेमिस्टरचं असतं. पहिल्यात बिचारा घर शोधतो, बँक, विमा, परवाना यांत बुडालेला असतो. दुसऱ्यात तो कामाला बाहेर पडतो. तिसऱ्यात शक्य असेल तर इंटर्नशिप करतो आणि थिसिसचा विषय शोधायला लागतो. चौथं पूर्ण थिसिसमध्ये जातं. थिसिस संपेपर्यंत त्याला एखाद्या कंपनीनं आपलंसं केलेलं असतं. म्हणजे तुम्ही पदवीधर शोधता तेव्हा चांगली मुलं बाजारात नसतातच, ती आधीच कुणाच्या तरी कारखान्यात बसलेली असतात. तुमची त्यांच्याशी ओळख पदवीच्या तीन सेमिस्टर आधी व्हायला हवी. सहा माणसं पाच वर्षांत निवृत्त होणार हे तुम्हाला आजच माहीत आहे. मोठ्या कंपन्यांना पुढच्या सहा महिन्यांचं सांगता येत नाही, तुम्हाला पाच वर्षांचं सांगता येतंय. ही केवढी जमेची बाजू आहे बघा.

ओळखीची सगळ्यात साधी वाट वेर्कश्टुडेंटची. शिकता शिकता आठवड्याला २० तासांपर्यंत काम करणारा विद्यार्थी. त्याच्या पगारातून आणि तुमच्याकडून सामाजिक विम्यांपैकी मुख्यतः पेन्शनचा हप्ता जातो, त्यामुळे तो कारखान्याला परवडतो. युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आणि हा आकडा ऐकून लहान मालक बिचकतात. पण मार्च २०२४ पासून आठवड्याचा हिशेबही धरता येतो. वर्ग चालू असताना २० तासांपर्यंत काम केलेला आठवडा अडीच दिवसांचा धरायचा, सुट्टीतला आठवडाही अडीचच, मग त्यात पूर्णवेळ काम का केलेलं असेना. वर्षाचे ५२ आठवडे धरले तरी १३० दिवस होतात. म्हणजे एक मुलगी वर्षभर तुमच्याकडे येऊ शकते आणि नियम कुठेही मोडत नाही. फक्त दिवसांची वही ठेवा आणि ती दुसरीकडेही काम करते का ते विचारा, कारण दोन्हीकडचे दिवस एकत्र मोजले जातात.

पैसे नीट द्या. २०२६ च्या जानेवारीपासून किमान वेतन तासाला १३ युरो ९० सेंट आहे. तुम्ही त्याच्या वर द्या, दीड-दोन युरो का होईना. या मुलांचा खर्च तुम्हाला सांगायला नको, पण जर्मन सहकाऱ्यांना सांगायला हवा. बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. शेजारच्या राइनलांड-फाल्त्समध्ये ती नाही. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो अडकवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. ती रक्कम अनेक घरांत कर्ज काढून उभी राहिलेली असते, शेतीचा तुकडा किंवा आईचे दागिने त्यात असतात. तुमच्याकडे येणारी मुलगी हसत येईल, पण तिच्या डोक्यात दर महिन्याला हप्त्याचा आकडा फिरत असतो. पगार ठरल्या तारखेला खात्यात पडणं हे तिच्यासाठी काय असतं, ते मी स्वतः अनुभवलंय.

थिसिसच्या विषयाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण लहान कारखाने इथेच चुकतात. 'पॅकिंग यंत्रांतली डिजिटल क्रांती' असला विषय कुणालाच नको असतो. तुमच्या कारखान्यातली एक खरी डोकेदुखी उचला. समजा, पिशवी सील करताना तापमान खालीवर होतं आणि शंभरातल्या काही पिशव्या सुटतात. कंट्रोलरमधून आकडे काढायचे, कारण शोधायचं, सुधारून दाखवायचं. हा सहा महिन्यांत संपणारा विषय आहे, प्राध्यापकाला त्यात मोजमाप दिसतं आणि मुलाला आपल्या हातानं चाललेलं यंत्र दिसतं. मोठ्या कंपनीत त्याच मुलाला एका भागाच्या एका पुर्जाच्या एका चाचणीचा अहवाल लिहावा लागतो. तुमच्याकडे तो सोमवारी प्रोग्रॅम बदलतो आणि बुधवारी यंत्र वेगळं चालताना बघतो. लहान कारखान्याजवळ देण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटतं ना? हेच आहे, आणि ते थोडं नाही. निव्वळ थिसिस करणाऱ्याला किमान वेतन देणं कायद्यानं सक्तीचं नाही. तरीही महिन्याचं मानधन द्या. फुकटात सहा महिने काम करून घेतलेला मुलगा सातव्या महिन्यात तुमच्याकडे का थांबेल?

होखशूलेच्या बॅचलर अभ्यासक्रमात एक पूर्ण सेमिस्टर कंपनीत काढावंच लागतं. ते सक्तीचं असल्यामुळे १४० दिवसांत धरलं जात नाही. क्युन्झेल्साउच्या मुलांसाठी हे दार उघडं ठेवा.

नोकरी मेळाव्यांवर मी फार भर देणार नाही. तिथे मोठ्या कंपन्यांचे मंडप असतात, पिशव्या आणि पेनं वाटली जातात आणि लहान कारखान्याचं टेबल कोपऱ्यात पडतं. जायचंच तर यंत्राचा एक चालता भाग टेबलावर ठेवा आणि तिथे कार्यालयातल्या माणसाऐवजी तुमचा तिशीतला फिटर उभा करा. मुलं त्याच्याशी बोलतील.

त्याऐवजी दोन गोष्टी करा, ज्यांना फार पैसे लागत नाहीत. पहिली, डॉइचलांडश्टिपेंडिउम. २०११ पासून ही शिष्यवृत्ती आहे. विद्यार्थ्याला महिन्याला ३०० युरो मिळतात, त्यातले १५० तुमचे आणि १५० केंद्र सरकारचे. वर्षाला १,८०० युरोंत तुमच्या कारखान्याच्या नावानं एक विद्यार्थी शिकतो, मग तो कुठल्याही देशाचा असो. कुठल्या शाखेला द्यायची ते तुम्ही सांगू शकता. विद्यार्थी मात्र विद्यापीठ निवडतं, आणि बदल्यात त्यानं तुमच्याकडे काम करावं अशी अट घालता येत नाही. ती मनातसुद्धा ठेवू नका. पण शिष्यवृत्ती देणारे आणि घेणारे यांची भेट बहुतेक ठिकाणी विद्यापीठच घडवून आणतं. त्या संध्याकाळी तुम्ही दोघं तिथे असाल, आणि त्या मुलांना पहिल्यांदाच कळेल की होहेनलोहेत असा एक कारखाना आहे आणि तो सांगलीची माणसं चालवतात.

दुसरी गोष्ट तुमच्या यजमानांना आवडेल. फॉर्म्युला स्टुडंट. विद्यार्थी स्वतः रेसिंग गाडी बनवतात आणि स्पर्धेत उतरवतात. श्टुटगार्ट विद्यापीठात दोन संघ आहेत, त्यातल्या विजेवर चालणाऱ्या ग्रीनटीमनं २०२२ साली शून्यावरून शंभराचा वेग १.४६१ सेकंदांत गाठून जागतिक विक्रम केला होता. पुढच्या वर्षी झुरिकच्या विद्यार्थ्यांनी तो मोडला. कार्ल्सरुहेत, एस्लिंगेनमध्येही संघ आहेत. या मुलांना पैशांपेक्षा जास्त गरज असते ती यंत्रावरच्या वेळेची. एखादा भाग मिलिंग करून हवा असतो, एखादा ब्रॅकेट रात्रीतून हवा असतो. तुमच्याकडे मशीन आहे, माणसं आहेत. सहा-सात तासांचं काम करून द्या. रात्री दहाला पुर्जा न्यायला आलेली मुलं तुमचं शॉपफ्लोअर बघून जातात आणि ते विसरत नाहीत. आणि आपल्याकडून आलेल्या मुलांना मुलाखतीत एक प्रश्न जरूर विचारा, कॉलेजात असताना बाहाच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खडबडीत रस्त्यांवरच्या स्पर्धेच्या, गाडीवर काम केलंय का? पुण्या-सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली कितीतरी मुलं त्या गाड्यांच्या वेल्डिंगसाठी रात्र रात्र वर्कशॉपमध्ये बसलेली असतात आणि सीव्हीत ते एका ओळीत गुंडाळतात, कारण त्यांना वाटतं जर्मन माणसाला सीजीपीएच हवा.

आता यजमानांचा दुसरा निष्कर्ष. मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकून फक्त आपली मुलं घ्यायची.

हे करू नका. कायद्याचं कारण आधी सांगते. २००६ सालापासून जर्मनीत समान वागणुकीचा कायदा आहे, आणि वंश-मूळ बघून नोकरी देणं किंवा नाकारणं त्यात बसत नाही. ग्रुपवर जाहिरात टाकायला हरकत नाही, पण ती इतर ठिकाणीही तशीच असली पाहिजे आणि निवड सगळ्यांतून झाली पाहिजे. जर्मनीत आज चार लाखांवर परदेशी विद्यार्थी आहेत. भारतीय त्यांत सगळ्यांत जास्त, साठ हजारांच्या जवळपास, आणि २०२२-२३ मध्ये आपण चीनच्या पुढे गेलो. म्हणजे आपली मुलं तुमच्याकडे येतीलच. पण ट्युनिसची, तेहरानची, इझमीरची, बांडुंगची मुलंही पीएलसी शिकतात, आणि त्यातली एखादी तुमच्या कारखान्यात वीस वर्षं काढेल. तिला दार का बंद करायचं?

दुसरं कारण माझं स्वतःचं आहे. इथे शिकत असताना मी एका मराठी मालकाकडे काम केलं. नाव घेणार नाही. 'तू घरचीच आहेस' असं म्हणून त्यांनी मला जेवायला बोलावलं, दिवाळीला फराळ दिला, आणि त्याच हक्कानं शनिवारी बोलावलं, तासांची नोंद ठेवली नाही, एका महिन्याचा पगार पुढच्या महिन्यावर ढकलला. मला ते मागायला लाज वाटायची, कारण काकूंनी मला खरंच मायेनं वाढलं होतं. आणि परवान्याचं नूतनीकरण त्यांच्या पत्रावर अवलंबून होतं, म्हणून भीतीही वाटायची. त्यांना मी वाईट माणसं म्हणणार नाही. पण घरचं माणूस समजण्यात मालकाचीच सोय होते, हे मी तेव्हा शिकले. 'आपली मुलं आपल्याला समजून घेतील' या वाक्यात मला तेच ऐकू येतं. मुलांनी आपल्याला समजून घ्यावं म्हणून त्यांना नोकरीला ठेवू नका. करार लिहा, तास मोजा, जास्तीच्या तासांचा मोबदला द्या, आणि मग दिवाळीला सगळ्या एकोणीस जणांना चकली द्या.

परवान्याची तारीख हा नवीन माणसाच्या छातीवरचा दगड असतो हे मालकानं कायम लक्षात ठेवावं. मुदतीच्या तीन महिने आधी तुम्हीच विचारा, कागद काय हवेत? पत्र मागितल्या दिवशी द्या. ब्लू कार्डवाल्याला बी-१, म्हणजे मधल्या पातळीचं, जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत आणि ए-१, म्हणजे अगदी सुरुवातीचं, येत असेल तर २७ महिन्यांत कायमचा परवाना मागता येतो. हे त्याला मुलाखतीतच सांगा. काही मालक हे मुद्दाम सांगत नाहीत, कारण कायमचा परवाना मिळाला की माणूस मोकळा होतो. पण जो माणूस मोकळा असूनही थांबतो, तोच तुम्हाला हवा आहे ना?

भाषेचा प्रश्न उरतोच. तुमच्या जाहिरातीत 'बोलण्या-लिहिण्यात अत्युत्तम जर्मन' अशी ओळ होती का? सगळ्यांच्याच जाहिरातीत असते. ती वाचून बी-१ असलेली प्रामाणिक मुलगी अर्ज करत नाही, आणि काहीच न येणारे दोनशे जण करतात. त्याऐवजी खरं काय लागतं ते लिहा. सकाळच्या बैठकीत काय ठरलं ते समजलं पाहिजे. सुरक्षिततेच्या सूचना वाचता आल्या पाहिजेत. ग्राहकाचा फोन पहिल्या वर्षी घ्यावा लागणार नाही. भाषेसाठी कामाच्या वेळातले आठवड्याचे तीन तास आणि फोल्क्सहोखशूलेची, म्हणजे प्रौढांच्या शिक्षण केंद्राची, फी कारखाना देईल. असं लिहिलंत तर अर्ज कमी येतील आणि वाचण्यासारखे येतील. तुमच्या भागात आणखी एक अडचण आहे. होहेनलोहेची बोली श्वेबिशही नाही, ती फ्रांकोनियन वळणाची. माक्स म्युलर भवनात बी-२ पास होऊन आलेला मुलगा तुमच्या जुन्या मास्टरचं, म्हणजे फोरमनचं, पहिलं वाक्य ऐकून गप्प होतो, पुस्तकात मराठी शिकलेल्याला एकदम मालवणात सोडावं तसा. त्याला सांगा की हे सगळ्यांनाच होतं. मास्टरलाही सांगा. तुम्ही दोघं यातूनच गेला आहात, त्यामुळे तुमच्या तोंडून ते खरं वाटेल.

आणि गावाचं काय? इथे मी तुमच्या बाजूनं काळजीत आहे. सात वाजता शेवटची बस जाणाऱ्या गावात तेवीस वर्षांचा मुलगा एकटा राहत असेल, तर पगार कितीही द्या, रविवार त्याला खायला उठतो. गावात एखादं दोन-तीन खोल्यांचं घर कारखान्याच्या नावानं भाड्यानं घ्या, म्हणजे नवीन माणसाला पहिले सहा महिने डोक्यावर छप्पर राहील. शक्य असेल तर एका वेळी दोन जण घ्या, एक वेर्कश्टुडेंट आणि एक थिसिसवाला. हाइलब्रॉनला राहून येणाऱ्याला कामाचे तास बसप्रमाणे ठरवू द्या. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला आल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करता येते. जोडीदारासाठी जवळपास काम आहे का हे तुम्ही दोन फोन करून बघितलंत, तर तो माणूस घर थाटण्याच्या विचारानं येईल.

यंदा तुमच्यासाठी काळ अनुकूल आहे, हेही सांगते. मोटार-उद्योगातल्या मोठ्या कंपन्या नोकऱ्या कमी करताहेत. दोन वर्षांपूर्वी जी मुलं फक्त त्यांच्याच नावांकडे बघत होती, ती आज पॅकिंगच्या यंत्रांकडेही बघतील. औषधं आणि बिस्किटं पिशवीत भरायची थांबत नाहीत.

शेवटी त्या पुण्याच्या मुलाबद्दल. यजमानांना सांगा, त्याला एकदा फोन करा. जाब विचारायला नको, फक्त विचारायला. काय जड गेलं? घर, बस, एकटेपण, की काम? बहुधा तो आधी 'नाही नाही, सगळं छान होतं' असं म्हणेल. थोडं थांबा, मग तो सांगेल. आणि त्याच्या ओळखीत दुसऱ्या-तिसऱ्या सेमिस्टरला कोण आहे, तेही विचारा. तुमचा कारखाना आतून बघितलेला तोच एक मुलगा आज बाहेर आहे.

ऑगस्टमध्ये होकेनहाइमला फॉर्म्युला स्टुडंटची जर्मन स्पर्धा असते. तुमच्याकडून गाडीनं फार तर दीड तास. यजमानांना एक दिवस घेऊन जा आणि मुलांच्या तंबूंतून हिंडू द्या. कुठल्या तरी गाडीचा पुर्जा चुकीच्या टॉलरन्सनं बनलेला त्यांच्या लक्षात येईलच. मग त्यांनी मुलांना सांगावं, पुढच्या वेळी आमच्याकडे घेऊन या.